लागू न पडलेली लस

आमच्या प्रयोगशाळेत दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की दरवर्षी एक छोटासा सोहळा व्हायचा. सगळ्यांनी ओळीनं बसून थोडं थोडं रक्त द्यायचं. मग प्रत्येकाच्या रक्तावरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढून एकाच भांड्यात ओतायचं, ढवळायचं, बारीक नळ्यांत भरायचं आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवून द्यायचं. आम्ही त्याला खिचडी म्हणायचो. पुढं वर्षभर कुणाच्याही रक्तात हेपॅटायटीस बीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या, लशीनं तयार झालेली प्रतिपिंडं आहेत का हे तपासताना शेजारी या खिचडीचा एक थेंब लावायचा. आम्ही सगळे लस घेतलेले, तेव्हा आमच्या थेंबाला रंग आलाच पाहिजे. आला तर यंत्र, किट, हात सगळं ठीक. नाही आला तर त्या दिवसाचं काम रद्द.

रक्त देऊन झालं की खालच्या टपरीवरून तर्री-पोहे यायचे. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, दरवर्षी तोच विनोद करायचे. "या खिचडीत मीठ माझं आहे बरं का." आणि मी दरवर्षी म्हणायचे, "आणि तर्री माझी." सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मनातून मला ते खरंच वाटायचं.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. लस हा माझा विषय, आणि खोटं कशाला बोलू, माझा तोराही. नवरा कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर, त्यामुळे आम्ही तिथल्या वसाहतीत राहतो. सकाळी गाडीच्या काचेवरची राख पुसायची आणि कोळशाच्या ट्रकांमागून शहराकडे निघायचं, असा माझा दिवस सुरू होतो. वसाहतीत कुणाच्या बारशाला गेले की पाळण्यात डोकावायच्या आधी मी बाळाच्या आईला विचारते, डोस झाले का? नणंदेची मुलं मला सुईवाली मामी म्हणतात. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस म्हणाला की लशीबिशी सगळं थोतांड आहे. मी त्याच्याशी अशी भांडले, की वाढपी वरणाची बादली घेऊन तसाच उभा राहिला आणि माझ्या नवऱ्यानं ताटावरून उठायची तयारी केली.

गेल्या वर्षी आमच्याकडे एम.डी. करणाऱ्या एका मुलानं माझ्या हाताखाली प्रबंध घेतला. शेजारच्या नर्सिंग कॉलेजात मुलींना प्रवेश घेतल्यावर हेपॅटायटीस बीचे तीन डोस देतात, कारण त्यांची सुयांशी आणि रक्ताशी रोजची गाठ. हे संरक्षण शेवटच्या वर्षापर्यंत किती टिकतं, हा आमचा प्रश्न होता. प्रतिपिंडं काळानं कमी होतात, त्यात नवल नाही. पण शरीर विसरत नाही. सायकल शिकलेला माणूस कितीही वर्षं तिला शिवला नाही तरी बसल्यावर दोन झोकांड्या खातो आणि चालवायला लागतो. तसं एक जादा डोस दिला की आठवण असलेलं शरीर महिनाभरात भराभर प्रतिपिंडं करू लागतं. ज्या मुलींची कमी दिसली त्यांना आम्ही तो डोस दिला आणि महिन्यानं पुन्हा रक्त घेतलं. सगळ्यांची वर गेली, एकीची सोडून. तिची आधी शून्य होती आणि डोस दिल्यानंतरही शून्यच राहिली.

ही मुलगी भिवापूरकडची. मला ती आठवत होती, कारण रक्त घेताना बाकीच्या मुली तोंड फिरवायच्या आणि ही सुई कशी जाते ते बघत बसायची. तेव्हा मी तिला सहज विचारलं होतं, घरी कोण कोण आहे. वडील आजारी असतात, आई मिरचीचे देठ खुडायला जाते, असं तिनं सांगितलं. हंगामात आईच्या हातांची इतकी आग होते की ती रात्री ताकात हात घालून बसते, हेही सांगितलं. मिहानकडचं एक मोठं हॉस्पिटल दरवर्षी या कॉलेजातून शेवटच्या वर्षाच्या मुली नोकरीसाठी निवडून नेतं. तिथं लागले की आईला इकडेच घेऊन येणार, असं तिचं ठरलेलं होतं. मार्कांवरून तिचं नाव यादीत वरच असणार, हे तिच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी तिला खोलीत बोलावून घेतलं. उन्हाळा लागला होता, कूलर घरघरत होता, आणि सर कूलरच्या वरताण आवाजात बोलत होते. मी बाजूच्या खुर्चीत बसले होते.

"काहून पोरी, डोस घेतले होते की नुसतीच सही ठोकली?"

"घेतले जी सर. तिन्ही घेतले."

"कुठं घेतले?"

"पयला इथंच, कॉलेजात. मंग बाबाचं ऑपरेशन झालं तं मी गावी होती. बाकीचे दोन तिकडच्या दवाखान्यात घेतले."

सरांनी माझ्याकडे बघितलं. 'तिकडच्या दवाखान्यात' हे दोन शब्द ऐकून आम्हा दोघांनाही सगळं समजल्यासारखं झालं. गावाकडे काय, ओळखीचा माणूस असला की शिक्का मिळतो.

"हे बघ, माणूस खोटं बोलतो, शरीर नाही बोलत," सर म्हणाले. "तिन्ही घेतले असते तर आताच्या डोसनं काही ना काही वर आलं असतं."

"मी खरं सांगून राहिली जी."

तेव्हा मी मध्ये बोलले. सरांचा आवाज फार चढला आहे, आपण जरा मायेनं विचारावं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "बेटा, एखादा राहिला असेल तर सांगून टाक. मी रागावणार नाही." इतका वेळ ती सरांकडे बघत होती. आता तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. सरांनी हातानंच जा म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर सर म्हणाले, "खाई त्याला खवखवे." मी म्हटलं, "मुलगी हुशार आहे पण." एवढंच म्हटलं.

पूर्ण डोस घेऊनही काही जणांच्या शरीरात ही लस लागू पडत नाही आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. परीक्षेत विचारते, आणि ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे मार्क कापते. त्या दिवशी कूलरसमोर बसून मला हे आठवलं नाही असं मुळीच नाही. आठवलं होतं. पण मला वाटलं, तसं क्वचित होतं, आणि गावाकडची मुलं खोटं बोलतात हे नेहमीचं आहे.

सरांनी नर्सिंगच्या प्रिन्सिपल बाईंना फोन केला. मुलीनं डोस घेतलेले दिसत नाहीत, आणि विचारलं तर कबूलही करत नाही, असं सांगितलं. बाई कडक. सुया-रक्ताच्या कामात जी मुलगी आपल्याच लशीबद्दल लपवाछपवी करते, तिची शिफारस मी कशी करू, असं त्या म्हणाल्या. तिला नव्यानं तीन डोस घ्यायला लावलं, ऑपरेशन थिएटरची ड्यूटी काढून घेतली आणि निवडीच्या यादीतलं तिचं नाव थांबवून ठेवलं. होस्टेलमध्ये या सगळ्याचं भलतंच झालं. तिच्या रक्तात काही तरी निघालं, तिला कावीळ आहे, असं पसरलं. खरं तर कावीळ नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी तपासलं होतं. पण मेसमध्ये मुली तिचा पेला बाजूला ठेवू लागल्या, हे मला प्रबंधवाल्या डॉक्टरनं सांगितलं. मी च् च् केलं आणि पुढच्या कामाला लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या खिचडीनं दगा दिला. तिचा रंग आधीच्या वर्षीपेक्षा फिका येऊ लागला. दोन जुने तंत्रज्ञ निवृत्त झाले होते, त्यामुळे या खेपेची खिचडी थोड्याच जणांची होती. प्रबंधवाला डॉक्टर म्हणाला, मॅडम, एकदा प्रत्येकाचं ताजं रक्त घेऊन सीरम वेगळं तपासून बघू, कुणाचं तरी उतरलं असेल. इतक्या वर्षांत हे कुणी केलंच नव्हतं. सगळ्यांचं मिळून चांगलं येत होतं, तेव्हा एकेकाचं कोण बघणार?

सर म्हणाले, "कशाला रे? हात दाखवून अवलक्षण."

मीच म्हटलं, "तपासू द्या की सर. आपल्याला कसली भीती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्लास्टिकची प्लेट घेऊन माझ्या टेबलाशी आला. या प्लेटमध्ये बारीक बारीक खळगे असतात. रक्तात प्रतिपिंडं असली की खळगा पिवळा होतो. सगळे खळगे हळदीसारखे पिवळे होते आणि एक पाण्यासारखा.

"कोणाचा आहे हा?" मी विचारलं.

"मॅडम, किट खराब आहे वाटते."

"अरे, पण कोणाचा?"

"तुमचा आहे मॅडम."

मी हसले. आधी मी हसलेच. मग मला राग आला आणि मी सगळ्या प्रयोगशाळेला कामाला लावलं. नळ्यांवरची नावं अदलाबदल झाली असतील, बघा. प्लेट धुण्याच्या यंत्राची एक नळी तुंबते, ती बघा. काल दुपारी व्होल्टेज खाली-वर होत होतं. किट येताना उन्हात गाडीत पडून राहिलं असेल. बाकीचे खळगे त्याच किटनं, त्याच व्होल्टेजवर, त्याच यंत्रात पिवळेधमक झाले होते, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

सर म्हणाले, "मॅडमचं शून्य कसं येईल? दुसरं किट मागवा." दुसरं किट आलं. मी या खेपेला डाव्या हातातून रक्त काढायला सांगितलं, जणू डाव्या हातात निराळं रक्त असतं. पुन्हा खळगा पाण्यासारखा.

मला लाज वाटली. भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली, पण आधी लाजच वाटली. एखाद्याला आपल्या अंगाला वास येतो हे चारचौघांत कळावं, तसं झालं. माझ्याच रक्तानं माझी फजिती केली होती. वर्गात, पंगतीत, बारशात मी ज्याच्या नावानं ओरडत आले ते माझ्यातच नव्हतं. पोहे खाताना इतकी वर्षं मी कसल्या तर्रीच्या गप्पा मारत होते? त्या भांड्यात बाकीच्यांचं होतं ते होतं, आणि माझं नुसतं पाणी.

मग भीती आली. उमेदीच्या वर्षांत मला किती वेळा सुया टोचल्या असतील! आमच्या वेळी हातमोजे न घालता काम करणं ही मर्दुमकी समजत. आपल्याला लस आहे, असं म्हणून मी नळाखाली बोट धरायचे आणि पुढच्या नळीकडे वळायचे. मी प्रबंधवाल्या डॉक्टरला सांगून माझी काविळीची तपासणी करून घेतली, तीही नळीवर नाव न घालता. कावीळ नव्हती. नशीब म्हणायचं. त्या रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, जेवत का नाहीस? मी म्हटलं, ॲसिडिटी झाली. सुईवाली मामी नवऱ्याला सांगू शकली नाही की तिची स्वतःची सुई वाया गेली.

सर माझ्याशी फार चांगले वागले. "अहो, तुम्हाला डोस घेऊन जमाना झाला. उतरलं असेल. एक जादा घ्या, महिन्यानं बघू. आठवण असणारच." मला धीर आला. हो, उतरलंच असणार. मी कॉलेज सुटल्यावर दार लोटून तो डोस घेतला आणि कुठं बोलायचं नाही म्हणून प्रबंधवाल्या डॉक्टरला बजावलं. तो बिचारा म्हणाला, "नाही मॅडम, कोणाले काहून सांगीन मी?"

आता त्या महिन्याबद्दल लिहायचं आहे आणि मला ते लिहिणं जड जातं आहे.

त्या महिन्यात ती मुलगी मला दोनदा दिसली. एकदा ओपीडीच्या जिन्यात, एकदा बसथांब्यावर. दोन्ही वेळा तिनं नमस्ते मॅडम म्हटलं आणि दोन्ही वेळा मी घाईत असल्यासारखं केलं. माझ्या मनात यायचं, प्रिन्सिपल बाईंना एक फोन करावा. एवढंच सांगावं, की थांबा, आमच्याकडे अजून एक असंच शून्य निघालं आहे, त्या मुलीबद्दल घाई करू नका. नाव सांगायचीही गरज नव्हती. मग वाटायचं, महिना तर होऊ दे. माझं वर गेलं तर उगाच कशाला? मिहानवाले निवडीला येणार आहेत हे मला माहीत होतं. त्यांचा बोर्ड मी नर्सिंग कॉलेजच्या फाटकावर जाता-येता वाचत होते.

माझं वर गेलं असतं तर काय झालं असतं, हे मी तेव्हा शब्दांत आणलं नाही. ते असं होतं: माझं वर गेलं असतं तर ज्यानं डोस घेतले त्याचं वर जातंच, हे सिद्ध झालं असतं आणि ती मुलगी खोटी ठरली असती. मला तेच हवं होतं. महिनाभर मी देवाकडे काय मागत होते ते हे. मी देवाला फारशी मानतही नाही, पण त्या महिन्यात मागत होते.

महिना झाला. रक्त दिलं. दुपारी प्रबंधवाला डॉक्टर आला, कागद माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि निघून गेला. मी तो उलटला. शून्य.

सरांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. "मनाला लावून घेऊ नका. काही लोकांना लागू पडतच नाही, पुस्तकातच आहे. पुन्हा तीन डोस घ्या, कधी कधी दुसऱ्या खेपेला लागू पडते. नाहीच पडली तर सुईपासून जपायचं, दुसरं काय? खिचडीतून तुमचं तेवढं काढून टाकू." मी त्या भिवापूरच्या मुलीचं काय, असं विचारलं. सरांनी उठून कूलर कमी केला. मग म्हणाले, "हो, तिचंही तसंच असेल. सांगून टाका तिच्या बाईंना. तुमचं नाव कशाला घेता पण?"

मी तडक नर्सिंग कॉलेजात गेले. वाटेत मी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यातून स्वतःला वगळत होते. प्रिन्सिपल बाईंसमोर बसल्यावर आधी लशींचं शास्त्र सांगायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्या स्वभावात नाही असं मला वाटायचं, तेही गेलं. शेवटी बाईच म्हणाल्या, "मॅडम, मुद्द्याचं बोला. ती मुलगी खरं बोलत होती, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?"

"हो."

"मग तेव्हा तुमच्याकडूनच तर फोन आला होता, डोस घेतले नाहीत म्हणून."

"हो."

"आता मी काय करू? मिहानवाल्यांची निवड होऊन पंधरा दिवस झाले. मुलींनी पेढेही वाटले." बाईंनी हात झटकले नाहीत, एवढं खरं. त्यांनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी माझ्यासमोरच त्या हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून सांगितलं की या वर्षीच्या जागा भरल्या, पुढच्या वर्षी अर्ज करू द्या. बाई म्हणाल्या, होस्टेलमध्ये मी स्वतः जाऊन सांगते. आणि मग म्हणाल्या, "पण तिला तुम्ही सांगा मॅडम. मी नाही सांगणार."

तिच्या नव्या डोसांपैकी दुसऱ्याचा दिवस त्याच आठवड्यात होता. आमच्या लसीकरणाच्या खोलीत ती बाकावर बसून होती. डोस देणारी सिस्टर जेवायला गेली होती, बाकी कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी देते. तिनं मान हलवली. मी लस फ्रीजमधून काढली, सुई लावली, आणि ती ट्रेमध्ये तशीच ठेवून तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

मी तिला सगळं सांगितलं. काही शरीरं लशीला उत्तर देत नाहीत, तुझं तसंच आहे, तू खोटं बोलली नव्हतीस. बाईंना सांगून झालं आहे, होस्टेललाही त्या सांगतील. मिहानचं मात्र आता पुढच्या वर्षी. हे सांगताना माझा आवाज अगदी खाली गेला. तिनं विचारलं, "म्हनजे मले कावीळ नाही न?" मी म्हटलं, नाही, पहिल्यापासूनच नव्हती. ती म्हणाली, "आईले तेच सांगतलं होतं मी. तिले पटतच नव्हतं. ती लय रडली." मग ती ट्रेमधल्या सुईकडे बघत बसली.

तिचं ते बघत बसणं मला सहन होईना. मग जे सरांनी सांगू नका म्हणून सांगितलं होतं आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं. "माझंही शून्य आहे. मीही सगळे डोस घेतले होते. माझ्यातही लागू पडली नाही." हे मी मोठ्या मनानं सांगते आहे, असं मला वाटलं. लपवून काय उपयोग? मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. एवढ्या मोठ्या मॅडमचंही तेच, आपण दोघी सारख्याच, असं तिला वाटेल. ती कदाचित हसेलही, असं वाटलं.

ती हसली नाही. तिला नवल वाटलं, एवढं मात्र दिसलं. ती माझ्या दंडाकडे बघत होती.

"केव्हा समजलं जी तुमाले?"

"दीड महिना झाला असेल."

तिनं बोटांवर आठवडे मोजले. निवड केव्हा झाली हे तिला माहीत होतं, मलाही होतं. मी खाली बघू लागले.

"मंग तुमाले कोनी विचारलं का, मॅडम?"

"काय?"

"खरंच घेतले होते का म्हनून."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती. मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनी नाही, प्रबंधवाल्या डॉक्टरनं नाही, कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्यासाठी किट बदललं होतं, यंत्र उघडून बघितलं होतं, दुसऱ्या हातातून रक्त घेतलं होतं. डोस कुठं घेतले, शिक्का कुणाचा, याचा माझ्याकडे आता एक कपटाही नाही, आणि तो कुणी मागितला नाही. तिला आम्ही पहिला प्रश्न तोच विचारला होता. मी तर बेटा म्हणून विचारला होता.

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही विचारलं."

"हं," ती म्हणाली.

माफ कर म्हणायचं ते राहून गेलं. मी सुई उचलली. तिनं ओढणी बाजूला केली, बाही वर सरकवली आणि दंड माझ्यापुढं धरला.

"टोचा जी," ती म्हणाली. "आन् नीट पाहून घ्या मॅडम, मी घेऊन राहिली."